‘जाऊन आलो’वाले गोंडाणे काका

गोंडाणे काकांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. आता ते नाहीत, तेव्हा खोटं कशाला बोलू? भांडण माझ्याच आगाऊपणामुळं झालं होतं.

तेव्हा मी सौंसरला एका छापखान्यात कंप्युटरवर टायपिंग करायची. छापखान्याचे मालक, आम्ही सगळे त्यांना भैयाजी म्हणायचो, एक साप्ताहिक काढत. सगळं हिंदीत, फक्त शेवटच्या पानावर खालच्या बाजूला एक चौकोन मराठीचा. आमचा भाग सीमेवरचा, पण पलीकडच्या हिंदी राज्यात, त्यामुळं आमच्याकडे असंच आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात ज्याला जे सुचेल ते. माझी शाळा आजोळी, काटोलला मराठीत झालेली, म्हणून तो चौकोन माझ्या गळ्यात पडला. चौकोनाचं नाव होतं ‘जाऊन आलो’, आणि तो लिहायचे रूपचंद गोंडाणे. नोकरी म्हणाल तर पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह उघडायची.

पहिल्याच आठवड्यात त्यांचा मजकूर हातात आला, तो ‘उद्या नळ येणार नाहीत’ अशा जुन्या नोटिशींच्या कोऱ्या बाजूला लिहिलेला. कुठल्याशा खेड्याला जाऊन आल्याची हकिगत होती. त्यात एक वाक्य होतं, ‘पाणी मचूळ होतं, पण देणाऱ्यानं गिलास दोनदा विसळला.’ मी म्हटलं, प्रवासवर्णन आहे, लोकांना काय मचूळ पाजायचं! ‘मचूळ’ खोडून ‘मधुर’ करून टाकलं. वर वाटलं, म्हातारा खूश होईल.

शनिवारी अंक निघाला आणि सोमवारी सकाळी काका दारात हजर. उंच, वाळलेला माणूस, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात व्हॉल्व्ह फिरवायची कंबरेएवढी लोखंडी चावी. ती चावी पाहून माझी तर बोबडीच वळली.

“हे मधुर कोणाचं आहे?”

“माझं.”

“तू गेली होती तेथी?”

“नाही.”

“पाणी प्याली?”

“नाही म्हटलं ना काका. एका शब्दानं काय आभाळ कोसळलं का?”

“आभाळ नाही कोसळत वं. पण त्या गावचा माणूस पेपर वाचीन, अन् म्हणन, हा लेकाचा गावात आलाच नव्हता.”

बोलणं एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. मीच आपली आठ दिवस फुगून बसले होते. नवव्या दिवशी ते एक कात्रण घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवलं. कोणत्या तरी देशातला एक माणूस म्हणे आपला सगळा देश उलटा चालत फिरला, पाठ पुढं आणि तोंड मागं. काका गंभीरपणे म्हणाले, “कुंदा, मी कालपासून विचार करून राहिलो. ह्या माणसाले एकही गाव येताना दिसलं नसन. सगळी जातानाच दिसली असन.” मला हसू आवरेना. त्या दिवसापासून मी त्यांचा मजकूर कधी बदलला नाही, आणि ते रोज सकाळी पाणी सोडून झालं की छापखान्यात चक्कर मारू लागले.

अशा बातम्यांची त्यांची एक वही होती. जगात कुठं काही विचित्र घडलं की ते कापून डिंकानं चिकटवायचे आणि खाली आपलं मत लिहायचे. कुठंतरी लोकांनी पुलाचा वाढदिवस केला, केक वगैरे कापून. काकांनी खाली लिहिलं होतं, ‘आमच्या पुलाचा जन्म कधी झाला ते विचारायला पाहिजे.’ आणि लिहून थांबले नाहीत, खरंच विचारत फिरले. चार म्हाताऱ्यांनी चार वर्षं सांगितली. त्यावर एक अख्खा लेख झाला, त्यात पुलावर दुपारी कोण कोण टेकतं त्याचीही नोंद होती.

आता प्रवासाचं सांगते. काकांची ड्यूटी पहाटेची. पाच वाजता टाकीवर जायचं, मोहल्ल्यामोहल्ल्याचं पाणी सोडायचं, आठला मोकळं. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. म्हणून त्यांचा सगळा प्रवास सकाळच्या बसनं जायचं आणि शेवटच्या बसनं यायचं, एवढ्यातच बसायचा. परगावी मुक्काम म्हणून नाही. मी एकदा विचारलं, “काका, एखाद्या दिवशी सुट्टी घ्या ना, दुसरा कोणी सोडेल पाणी.” तर म्हणाले, “सोडीन ना. पण आमच्या वॉर्डातली एक बाई बाळंतीण आहे, तिले पाणी पहिले लागते. हे त्याले काय ठाव?” कोणत्या घरी लग्न आहे, कोणाकडे आजारी माणूस आहे, कोणाचं नवं बांधकाम चालू आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. त्याप्रमाणे पाच-दहा मिनिटं इकडची तिकडं करायचे.

असा माणूस प्रवासलेखक म्हणवतो, याची लोकांना गंमत वाटायची. पानठेल्यावर थट्टा व्हायची, “काय गोंडाणे, या आठवड्यात कोणता देश?” काका पण कमी नाहीत. म्हणायचे, “लोधीखेडा. तिकडून आलो का तुले अमेरिकेचं सांगतो.” सुशीलाकाकू, त्यांच्या पत्नी, तर तोंडावर म्हणायच्या, “जगाचं पाणी पिते हा माणूस. घरच्या माठावर कधी दोन ओळी लिहिल्या का, विचारा!”

पाण्याचं हे काकूंचं बोलणं खरंच होतं. काकांचा एक नियम होता, जिथलं पाणी प्यालो नाही त्या गावाबद्दल लिहायचं नाही. सोबत बाटली नेत नसत. गावात उतरायचं, पहिल्या दारात पाणी मागायचं, आणि ते देणाऱ्याशी बोलत बसायचं. कोणी पाट टाकला, कोणी ओसरीवरूनच विचारलं की तुम्ही कोणाकडचे, कोणी आतून गुळाचा खडा आणला, हे सगळं लेखात यायचं. कुठं जात विचारून मग गिलास दिला, तर तेही यायचं, गावाचं नाव न घेता. असलं कशाला छापायचं, म्हणून मी एकदा चिडून बोलले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पाणी गोड होतं म्हणून लिहिलं ना मी? मंग बाकीचंही लिहिलं पाह्यजे.”

वाचन तसंच. वाचनालयातली प्रवासाची सगळी पुस्तकं त्यांनी वाचून काढली होती. एकदा तिथल्या माणसाच्या लक्षात आलं की प्रत्येक पुस्तकात, पानापानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंय, ‘इथलं पाणी कसं?’ मोठमोठ्या लेखकांनी डोंगर पाहिले, राजवाडे पाहिले, बर्फ पाहिला, आणि एकानंही पाण्याचं लिहिलं नाही, हा काकांचा राग. वाचनालयवाला भडकला. काकांना खोडरबर देऊन एका कोपऱ्यात बसवलं. दोन दिवस बसून काकांनी आपलेच प्रश्न खोडले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, “चांगलं झालं वं, पुन्हा वाचून झाली सगळी.”

पांढुर्ण्याचं स्टेशन म्हणजे त्यांचं परदेश. दिल्लीकडून मद्रासकडे जाणाऱ्या गाड्या तिथून जातात, काही थांबतात, काही सिग्नल नसला की नाइलाजानं थांबतात. काका प्लॅटफॉर्मवर उभे राहायचे. गाडी थांबली की खिडकीशी जाऊन विचारायचे, “आप कहाँ से? आपके यहाँ का पानी बचा है क्या थोड़ा?” लोक आधी दचकायचे. मग कोणीतरी घोटभर द्यायचंच. दोन मिनिटांत त्या माणसाकडून त्याचं गाव, त्याची विहीर, त्याची नदी काढून घ्यायचे. एकदा केरळकडच्या एका म्हाताऱ्यानं बाटली पुढं केली, तर आतलं पाणी फिक्कं गुलाबी. काकांनी घेतलं, प्याले, आणि आठवड्याच्या चौकोनात लिहिलं, ‘केरळचं पाणी गुलाबी आहे.’ झालं! महिनाभर पांढुर्णा ते सौंसर लोकांना विषय मिळाला. शेवटी तिकडे नोकरी करून आलेल्या एका बाईनं सांगितलं की तिथं कसलंसं लाकूड घालून पाणी उकळतात, म्हणून रंग येतो. काकांनी तेही छापलं. पण मनातून त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांना तिथल्या नद्याच गुलाबी हव्या होत्या.

जामसांवलीच्या हनुमान मंदिराला मात्र ते दर काही महिन्यांनी जायचे. एकानं टोचून विचारलं, “गोंडाणे, तुम्ही तर बुद्धाचे, हनुमानाकडं काय काम?” काका म्हणाले, “मी माणसं पाह्याले जातो बापा. इतकी माणसं एका जागी दुसरीकडं कोठी भेटन?” आणि खरंच त्यांच्या लेखात असायची ती माणसं. छिंदवाड्याची एक सासू आणि नागपूरची एक सासू झाडाखाली डबे उघडून बसल्या आहेत आणि आपापल्या सुनांची तक्रार करता करता एकमेकींच्या सुनांची बाजू घेऊ लागल्या आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. मी टाइप करताना इतकी हसले की भैयाजी केबिनमधून बाहेर आले.

तर असे काका. आणि याच काकांनी एकदा चक्क खोटं लिहिलं.

आमच्या साप्ताहिकाचे गठ्ठे बसनं गावोगाव जायचे आणि वाचकांच्या चिठ्ठ्या त्याच कंडक्टरच्या हाती परत यायच्या. एक दिवस लोधीखेड्याहून चिठ्ठी आली. एका सुनेनं लिहिली होती. तिची सासू देवकाबाई, वय ऐंशीच्या घरात, लिहिता-वाचता येत नाही, ‘जाऊन आलो’ दर आठवड्याला सुनेकडून वाचून घेते. देवकाबाईचं माहेर खैरी. आमच्या भागात खैऱ्या बक्कळ, पण ही डोंगराकडची, दहा-वीस घरांची. आई-बाप लवकर गेले, भाऊ नव्हताच, त्यामुळं लग्न होऊन आल्यावर देवकाबाई परत तिकडं गेलीच नाही. तिथं जाणार तरी कोणाकडे? चिठ्ठीत सासूचे शब्द जसेच्या तसे होते, ‘गोंडाणे भाऊले सांग, एकडाव माह्या खैरीले जाऊन ये. चिंचेखाली विहीर हाय. तिचं लिव.’

काकांना कोणी असं पाठवलं नव्हतं कधी. ते आपले आपणच जायचे. ती चिठ्ठी त्यांनी चार वेळा वाचली, खिशात ठेवली, मग परत काढून मला दाखवली, जशी काही मी आधी वाचलीच नव्हती. बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बस, मग जीप, मग पायी.

एरवी काका मजकूर द्यायला आले की माझ्या शेजारी स्टूल ओढून बसत आणि मी टाइप करत असताना ओळ न् ओळ पाहत. त्या गुरुवारी आले, कागद ठेवले आणि “आज घाई आहे” म्हणून गेलेसुद्धा. मला काही वाटलं नाही. मी वाचायला लागले आणि कामच विसरले. चिंच होती, तिच्या सावलीत विहीर होती. दोरानं घासून दगडाला पडलेल्या खाचा होत्या. रहाटाची कुरकुर होती. पाणी भरणाऱ्या बाईनं ओंजळीत पाणी ओतलं, आणि ते इतकं गोड, की काका तिथंच बसून राहिले. टाइप करता करता माझे डोळे भरून आले. माझं स्वतःचं माहेर चार गल्ल्या पलीकडे, तरी मला माहेरची आठवण आली, घ्या!

तो अंक गाजला. लोकांनी कात्रणं काढून ठेवली. भैयाजींनासुद्धा कोणीतरी सांगितलं, तर ते म्हणाले, “अच्छा? मराठी वाला कॉलम?” काका मात्र छापखान्याकडे फिरकेनात. मला वाटलं, पाइपलाइनचं काम निघालं असेल.

दोन आठवड्यांनी कंडक्टरनं दुसरी चिठ्ठी आणली. देवकाबाईला आता राहवत नव्हतं. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती, तेव्हा लेकी माहेरी जातात. तिनं मुलाला गळ घातली होती की जीप कर आणि मला खैरीला ने, त्या विहिरीचं पाणी मला एकदा पिऊ दे. आणि गोंडाणे भाऊंनी सोबत यावं, त्यांना रस्ता माहीत आहे.

मी चिठ्ठी घेऊन काकांकडे टाकीवर गेले. त्यांनी वाचली आणि तिथल्याच एका फुटक्या पाइपावर बसले. तोंडचं पाणी पळालेलं.

“कुंदा, विहीर नाही वं तेथी.”

“म्हणजे?”

“बुजवली. वरून सिमेंटचा रस्ता गेला. चिंच तोडली. मी एका बाईले विचारलं, विहीर कोठी आहे? तर म्हणे, तुम्ही उभे आहा ना, तेथीच.”

मला क्षणभर कळेचना. मग असा संताप आला! “आणि ती दोरीची खाच? रहाट? ओंजळीतलं पाणी?”

“पाणी प्यालो ना मी. नळाचं प्यालो. गोड होतं, खरंच गोड होतं. टाकी चांगली धुतलेली आहे त्याइची.”

“वा रे वा काका! एका ‘मधुर’साठी लोखंडी चावी घेऊन माझ्या अंगावर आला होता ना तुम्ही? आणि आता नळाचं पाणी विहिरीत ओतून मोकळे?”

मी आणखीही बोलले. वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये इतकं बोलले. ते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, “ती म्हातारी तेथी वाट पाहून राहिली होती. तिले काय लिहू मी, तुह्या विहिरीवरून ट्रॅक्टर जाते म्हणून? हात चालला नाही माहा.” चिठ्ठीची घडी घालत म्हणाले, “पण आता ती जाईन. माह्या भरोशावर जाईन, अन् त्या रस्त्यावर उभी राहीन. हे निस्तरल्याशिवाय मी काही लिहिणार नाही, कुंदा. कोणत्या तोंडानं लिहू?”

काकांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. माझा राग तिथंच निवला. एकट्यानं जायची त्यांची हिंमत होत नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघं लोधीखेड्याला गेलो.

देवकाबाई अंगणात खाटेवर बसून सुपात तूर निवडत होती. एवढीशी बाई, पण हात झरझर चाललेले. दारामागच्या खुंटीवर नवं लुगडं, खाली पिशवी भरून ठेवलेली. ती पिशवी पाहून काकांचे पाय दारातच अडखळले. सुनेनं पाणी दिलं, ओळख करून दिली. काका काही बोलायच्या आतच म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

“या भाऊ. बरं झालं आले. मले येक सांगा, पाणी गोड कवा झालं?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

“सोळा वर्ष भरलं मी ते पाणी. खारं होतं. असं खारं, का तुरीची दाळ शिजे नाही. दाळीपुरतं आमी नदीवरून आणो. ह्या घरी आली तर सासू मले नावानं कवा बोलावेच नाही, ‘ये खारे’ म्हणे. अन् तुमी लिवलं गोड! सूनबाईनं वाचलं तवा मले वाटलं, भाऊ दुसऱ्याच खैरीले जाऊन आला.”

सून तोंडाला पदर लावून हसली. काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि सगळं सांगून टाकलं. रस्ता, ट्रॅक्टर, तोडलेली चिंच, नळ. एकही गोष्ट लपवली नाही, मऊ करून सांगितली नाही. “मी खोटं लिहिलं, बाई. तुमची आशा मोडू नये म्हणून लिहिलं, पण खोटंच लिहिलं.”

म्हातारीनं सूप परत मांडीवर घेतलं, पण तुरीत हात चालेना.

“चिंच कवा तोडली?”

“लय दिवस झाले म्हणे.”

“रस्ता चांगला हाय?”

“चांगला आहे.”

“नळ समद्याइच्या घरी?”

“हौ.”

“डोक्यावरून कोनाले आणा लागत नाही?”

“नाही लागत.”

“मंग बरं झालं,” ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. सुनेला म्हणाली, “ते लुगडं ठेवून दे वं पेटीत. आता जाऊन काय पाहू? रस्ता तं आपल्या दारातबी हाय.”

काका उठायला लागले. त्यांना तिथं बसवत नव्हतं. तर म्हातारीनं त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं.

“बसा. जाता कोठी? आता मले तं काही तेथी जाणं नाही. जे हाय ते तुमच्या पेपरात. मंग ते तं बरोबर लिवा. माह्या माहेरचं पाणी खारं होतं, ते खारंच लिवा. गोड कायले करून देता मले?”

“लिहितो.”

“अन् देवकानं सांगतलं असं नोका लिवू. हे नाव ह्या घरानं ठेवलं, लग्नाच्या दिवशी, ताटात तांदूळ पसरून. तेथी देवका कोनाले ठाव? तेथची मी बायजा.”

सून चकित होऊन पाहायला लागली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिलाही ते नाव माहीत नव्हतं.

परत आल्यावर काका भैयाजींकडे गेले आणि म्हणाले, मागचा लेख खोटा होता, पुढच्या अंकात तसं छापायचं आहे. भैयाजी वैतागले. “गोंडाणेजी, लोगों को पसंद आया ना? बात ख़त्म। अख़बार अपनी ग़लती ख़ुद थोड़ी छापता है।” काका मान खाली घालून बाहेर आले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “झालं. बंद करतो मंग.”

“बंद कशाला? भैयाजींनी कधी तो चौकोन वाचलाय का? त्यांना तेवढी जागा भरलेली दिसली की पुरे.”

“मालकाले न सांगता?”

“काका, खोटं तुम्ही लिहिलं, टाइप मी केलं. आता तुम्ही मुकाट्यानं खरं लिहून आणा, बाकीचं मी पाहते.”

त्यांनी पाच वेळा लिहिलं. पाचही वेळा माझ्या शेजारी बसून खोडलं. शेवटी जे उरलं ते चौकोनाच्या अर्ध्या जागेतच मावलं, उरलेल्या जागेत मी फुलाचं चित्र टाकायला निघाले तर म्हणाले, कोरीच ठेव. अंक निघाला. भैयाजींना काही कळलं नाही. पुढं कोणीतरी त्यांना येऊन म्हणालं की तुमच्या पेपरात हिंमत आहे, तेव्हा त्यांनी छाती फुगवून धन्यवाद म्हटलं.

त्याच महिन्यात मला नागपूरला काम लागलं आणि सौंसर सुटलं. फोनवर बोलणं व्हायचं, पण काकांना पुन्हा पाहणं झालं नाही. रिटायर झाल्यावर दीड वर्षांतच ते गेले, झोपेतच. पहाटे उठले नाहीत तेव्हा काकूंना कळलं. मला ते अजून दिसतात ते लोधीखेड्याच्या त्या अंगणात, अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

सुनेनं वाचून दाखवलं असतं, पण म्हातारीनं सांगून पाठवलं होतं, ज्यानं लिवलं त्यानंच वाचावं. सुनेनं शेजारच्या दोन-तीन बायकांनाही बोलावून ठेवलं होतं. काका खाटेच्या पायथ्याशी जमिनीवरच बसले, वर बसायला तयारच होईनात. अंक उघडला, चष्मा चढवला आणि शाळेतल्यासारखा एकेक शब्द सुटा करत वाचायला लागले.

“खैरीची विहीर खारी होती. मी ती पाहिली नाही. मी गेलो तेव्हा ती बुजलेली होती आणि मी तिच्यावर उभा होतो. मागच्या वेळी लिहिलं ते मनचं लिहिलं. विहिरीवर चिंच होती. पाण्यात डाळ शिजत नसे. ते पाणी मी प्यालो नाही, म्हणून त्याची चव मला सांगता येत नाही. सोळा वर्षं ते पाणी भरलेली एक मुलगी लोधीखेड्यात राहते. तिला सांगता येते. तिचं नाव बायजा.”

“ओ!” म्हातारी ओरडली.

केवढ्यानं! लांबच्या वावरातून कोणी हाक मारल्यावर द्यावी तशी ओ. बायका दचकल्या. सून हसत म्हणाली, “आई, ते वाचून राहिले, तुमाले बोलावून नाही राहिले.”

“ठाव हाय मले,” म्हातारी म्हणाली. तिचं तोंड उजळून निघालं होतं आणि डोळे गळत होते. “बोलावू दे ना वं. किती वर्ष झाले.”

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. आणि पुढची ओळ न वाचता, कागदाकडे न पाहता, तिच्याकडे पाहून म्हणाले, “बायजा.”

“ओ,” ती म्हणाली.